सहलीला आलेलं दार

मैत्रिणींची सहल ठरवणं हे एक काम आणि ती प्रत्यक्षात होणं हे दुसरं. यातलं पहिलं काम सिद्धी, स्मिता आणि शाल्मली गेली कित्येक वर्षं मोठ्या निष्ठेने करत होत्या. गोवा ठरलं, हंपी ठरलं, एकदा तर लडाख इतकं पक्कं ठरलं की शाल्मलीने लोकरीचे मोजे आणि थर्मल घेऊन ठेवले. ते तिने पुढे मुंबईतल्या ऑफिसच्या एसीत वापरून झिजवले. शेवटी सिद्धीची बेंगळुरूला बदली झाली, मल्लेश्वरमात तिने वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या, आणि आता हॉटेल शोधायचं निमित्तही उरलं नाही म्हटल्यावर दोघींना नाइलाजाने यावं लागलं.

सिद्धीने तयारीत कसूर ठेवली नव्हती. शनिवारी सकाळी बागेत फेरी, मग दोसा, मग चित्रांचं प्रदर्शन, आणि दुपारी एका गच्चीवरच्या कॅफेत टेबल. तिथे टेबल मिळायला लोक ओळखी काढतात म्हणे. सिद्धीने तीन आठवडे आधी बुकिंग केलं होतं आणि त्याचा उल्लेख शुक्रवारी संध्याकाळपासून एवढ्या वेळा केला होता, की शाल्मलीने "तिथे गेल्यावर पाया पडायचं असतं का?" असं विचारूनही घेतलं.

बागेची फेरी रद्द झाली, कारण कोणी उठलंच नाही. दोसा मात्र झाला. उभ्याने, हातात ताटल्या धरून, लोण्याने माखलेल्या बोटांनी. तो संपवता संपवता स्मिता म्हणाली,

"मला एक छोटंसं काम आहे. शिवाजीनगरला."

"शिवाजीनगर तुझ्या घराजवळच आहे की," सिद्धी म्हणाली. "पुण्यात. त्यासाठी विमानाने इथे यायचं काय कारण?"

"ते नाही गं. इथलं. इथे जुन्या गाड्यांचे पार्ट मिळतात. मला दार हवंय."

"कसलं दार?"

"गाडीचं."

सिद्धीने ताटली खाली ठेवली.

स्मिताची गाडी म्हणजे एक पांढरी, छोटी, कंपनीने कधीच बनवायची थांबवलेली गाडी. लग्न मोडलं तेव्हा वाटणीत नवऱ्याकडे फ्लॅट गेला आणि स्मिताकडे गाडी आली. त्या वाटणीत आपणच जिंकलो, असं स्मिताचं प्रामाणिक मत होतं. गेल्या महिन्यात सोसायटीत पाण्याचा टँकर मागे घेताना ड्रायव्हरच्या बाजूचं दार असं चेपलं की ते उघडेचना. तेव्हापासून स्मिता रोज डाव्या दाराने आत शिरून, गिअरवरून उडी मारून आपल्या सीटवर पोहोचायची. कोथरूडच्या ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती काम करायची, तिथले पेशंट म्हणे खिडकीत जमून हे बघायचे.

"आणि हे तू आम्हाला आता सांगतेयस," सिद्धी म्हणाली.

"आधी सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

हे खरं असल्यामुळे सिद्धी जास्तच चिडली. पण शाल्मलीचे डोळे चमकले होते. शाल्मली मुंबईच्या एका मोठ्या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. तिला सुट्टी सोसत नाही. रिकामं बसवलं की तिला कोणाचं तरी काम हातात घ्यावंसं वाटतं. "अर्ध्या तासाचं काम आहे," ती म्हणाली. "जाऊ, दार पिक करू, तिथून सरळ कॅफे. नो इश्यू."

शिवाजीनगरच्या त्या गल्लीत पाय ठेवल्यावर सिद्धीला वाटलं, या शहरातल्या मेलेल्या सगळ्या गाड्या इथेच येत असणार. वर बंपर टांगलेले, खाली हेडलाइटच्या रांगा, मधून स्कूटर, हातगाड्या आणि आपल्याच घाईत असलेल्या शेळ्या. स्मिता मात्र देवळात आल्यासारखी हळू चालत होती. एका दुकानात वाचनालयातल्या पुस्तकांसारखी दारंच दारं उभी करून ठेवली होती. दुकानाचा मालक रोशन, पस्तिशीचा, कानाला फोन.

"क्या होना मॅडम?"

स्मिताने गाडीचं नाव आणि साल सांगितलं. रोशनने कानावरचा फोन न काढता ढिगातून एक दार ओढलं. त्याचा रंग पोपटी होता. पोपटालाही जरा लाज वाटावी इतका.

"हे?" शाल्मली म्हणाली. "याला खाली गंज आहे. आणि हा काय कलर आहे? स्मिता, तू थांब. मी बोलते."

तिने पलीकडच्या ढिगात स्वतःच शोधाशोध सुरू केली आणि पाच मिनिटांत एक दार बाहेर काढलं. पांढरं, स्वच्छ, काचेसकट. स्मिताचा तर विश्वासच बसेना.

"मॅडम, वो नक्को," रोशन म्हणाला. "ये लेव."

"बघ," शाल्मली मराठीत कुजबुजली, "चांगला माल दुसऱ्या गिऱ्हाईकासाठी ठेवलाय." मग त्याच्याकडे वळून, नुकताच कानावर पडलेला शब्द तिने मोठ्या आत्मविश्वासाने वापरला. "नक्को. यही."

"मॅडम, मैं क्या बोलरूं..."

"नक्को, भैया. नक्को."

आपण मराठीत बोलतोय की त्याच्या भाषेत, हे शाल्मलीलाही नक्की माहीत नव्हतं. पण त्या शब्दाची तिला गोडी लागली होती. रोशनने खांदे उडवले. तेवढ्यात त्याच्या फोनवर पलीकडचा माणूस ओरडायला लागला, तेव्हा त्याने शाल्मलीचा नाद सोडला आणि दाराला सुतळी बांधून दिली.

दार विकत घेणं सोपं असतं. ते हातात आल्यावर कळतं की दार हे भिंतीला नाहीतर गाडीला लावलेलं असतं, त्याला कारण आहे. दोन टॅक्सीवाल्यांनी दाराकडे बघितलं आणि राइड रद्द केली. शेवटी एक रिक्षा थांबली. ड्रायव्हर पन्नाशीचा, जाड मिशांचा. त्याने दार पाहिलं, तिघींना पाहिलं आणि म्हणाला, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी."

मग त्यांनी स्वल्प अ‍ॅडजस्ट केलं. म्हणजे स्मिता एका कडेला, शाल्मली दुसऱ्या कडेला आणि मध्ये सिद्धी, मांडीवर आडवं दार घेऊन. दाराची एक कड बाहेर डोकावत होती आणि प्रत्येक खड्ड्याला दुसरी कड सिद्धीच्या बरगडीत जात होती.

"हा मुद्दाम लांबून नेतोय," सिद्धी म्हणाली. "मला रस्ता माहितेय ना."

"मिशांवरूनच कळतं," शाल्मली म्हणाली. "इतक्या मिशा ठेवणारा माणूस सरळ रस्त्याने जाणारच नाही."

"पुढं वन-वे हाय, बाई," रिक्षावाला आरशात न बघताच म्हणाला. "आनि मिशा आमच्या आज्ज्यापासनं हाइत."

दाराआडून स्मिताच्या हसण्याचा आवाज यायला लागला.

"तुम्ही मराठी?" सिद्धीने विचारलं.

"यल्लाप्पा. खानापूरकडचा. मला सगळं कळायलंय की हो. तुमचं चालू द्या."

चालू द्यायला काही उरलंच नव्हतं. मग यल्लाप्पानेच बोलायला सुरुवात केली. दार कुठल्या गाडीचं, गाडी कुणाची, नवरा काय करतो. नवरा नाही म्हटल्यावर तो एक खड्डा चुकवून म्हणाला, "असू दे. गाडी हाय न्हवं?" स्मिताला तो तिथेच आवडला.

कॅफेपाशी पोहोचायला चाळीस मिनिटं उशीर झाला. यल्लाप्पाने जाताना आपला नंबर दिला, "परत खिडकीबिडकी आनायची आसली तर." दारातल्या मुलीने, म्हणजे कॅफेच्या दारातल्या, आधी टॅबलेटमध्ये बघितलं, मग दाराकडे.

"सॉरी मॅम. बाहेरचं काही आत अलाउड नाही," ती इंग्रजीत म्हणाली.

"आम्ही हे खाणार नाही आहोत," शाल्मली म्हणाली.

पण मुलीला विनोद करायचा पगार मिळत नव्हता. शिवाय टेबल वीस मिनिटांपूर्वीच दुसऱ्यांना देऊन झालं होतं. सिद्धीने गच्चीकडे एकदा मान वर करून पाहिलं. तिथे कोणीतरी खळखळून हसत होतं. तिच्या टेबलावर, तिच्या तीन आठवड्यांच्या वाट पाहण्यावर बसून. मग तिघींनी दाराला आलटून पालटून धरत समोरच्या टपरीवर कॉफी घेतली. शाल्मलीने दारासह सेल्फी काढला. सिद्धी त्यात आहे, पण नसती तर बरं झालं असतं असा तिचा चेहरा आहे.

संध्याकाळी घरी आल्यावर दार हॉलमध्ये सोफ्याला टेकवलं. स्मिताने पाय धुतले, चहा केला, आणि तिला राहवेना. तिने जेवणाच्या टेबलाची खुर्ची हॉलच्या मधोमध ठेवली, तिच्यावर बसली आणि म्हणाली, "जरा धरा गं. बसल्यावर कसं वाटतं बघते."

शाल्मलीने उजवीकडे दार उभं धरलं. स्मिताने काल्पनिक स्टिअरिंग पकडलं, आरशात पाहिल्यासारखं केलं, सिद्धीकडे बघून हॉर्नही वाजवला. मग उजवा हात मुठीकडे नेला आणि तो थांबला.

"शाल्मली, हे उलटं धरलंयस का?"

"नाही. काच वर आहे."

"मग बिजागऱ्या माझ्या पाठीमागे कशा? त्या गुडघ्यापाशी असतात. आणि खिडकीचा हा तिरपा कोपरा पुढे हवा ना?"

शाल्मलीने दार फिरवलं. आता बिजागऱ्या पुढे आल्या आणि आतली मूठ बाहेर गेली. तिने परत फिरवलं. मग तिघीही हळूहळू एकाच निष्कर्षाला आल्या. शाल्मली सर्वांत शेवटी, कारण तिला तिथे यायचंच नव्हतं.

"डाव्या बाजूचं आहे हे," स्मिता म्हणाली. "माझं डावं दार चांगलं आहे गं."

"तो काहीतरी सांगत होता," शाल्मली पुटपुटली.

"सांगत होता? दोनदा सांगत होता," सिद्धी म्हणाली. "आणि तू नक्को नक्को करत होतीस." दिवसभर साठवलेलं आता वर यायला लागलं होतं. "पण तुझं तरी काय चुकलं? मुळात दार आणायला कोण आलं? वर्षानुवर्षं आपण भेटायचं म्हणतोय. मी सगळं ठरवलं, बुकिंगं केली, आणि आपण काय केलं? भंगार वाहिलं. स्मिता, तो डबा काढून टाक ना एकदाचा. सगळं जग पुढे गेलं आणि तू अजून त्या पत्र्याला धरून बसलीयस. लोक हसतात तुला, तूच सांगतेस."

स्मिता खुर्चीतून उठली. खुर्ची तिने नीट टेबलाशी नेऊन ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन चहाचे कप विसळायला लागली. ते कप आधीच विसळलेले होते.

शाल्मलीने दार सोफ्याला टेकवलं. एरवी तिचा आवाज मीटिंगमध्ये शेवटच्या रांगेपर्यंत जायचा, आता ती हळू बोलली. "त्या डब्यातून तुझे बाबा डायलिसिसला जायचे, सिद्धी. आठवड्यातून दोनदा. तू इथे जॉइन झालीस त्या वर्षी, शेवटपर्यंत."

सिद्धीला हे माहीत नव्हतं असं नाही. माहीत असलेल्या गोष्टीच माणूस रागात आधी विसरतो. बाबांना दुसरी कुठली गाडी चालायची नाही. टॅक्सीची सीट खोल असते, उठताना गुडघे धरतात, अशी त्यांची तक्रार असायची. "स्मिताच्या गाडीत मी राजासारखा जातो," असं ते फोनवर सांगायचे. सिद्धी इकडून "हो का, छान" म्हणायची आणि दुसऱ्या कानाने ऑफिसचा कॉल ऐकत असायची.

ती उठून स्वयंपाकघराच्या दारात गेली. पण तिथे उभं राहून काय बोलायचं ते ठरायच्या आत जिन्यावर पावलं वाजली आणि घरमालकीण आत आली. शालनअक्का. त्यांचे पणजोबा कधीतरी साताऱ्याकडून इकडे आले आणि राहिले. अजूनही घरात मराठीच बोलतात, पण त्या मराठीत कन्नड इतकं मुरलंय की अक्का रागावल्या तर कुठल्या भाषेत रागावल्या हे त्यांनाही सांगता यायचं नाही.

"येनम्मा, खाली माझ्या डोक्यावर काय खुर्च्या ओढताय?" अक्का म्हणाल्या आणि थबकल्या. त्यांनी सोफ्याकडे पाहिलं. "हे काय? दार? आमच्या घराला दार नव्हतं काय गं, बाहेरून आणलंत?"

मग शाल्मलीने प्रोजेक्टचा अहवाल द्यावा तसं सगळं सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट. अक्कांनी ते शांतपणे ऐकलं. स्वयंपाकघरातल्या नळाचा आवाज, सिद्धीचा चेहरा, स्मिताची पाठ हे सगळं त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

"सरी," त्या म्हणाल्या. "उद्या बदलून आणा. पण पुण्याला कसं नेणार? विमानात हातात धरून?"

याचा विचार तिघींपैकी एकीनेही केला नव्हता. तीन पदवीधर बायका, त्यातली एक प्रोजेक्ट मॅनेजर.

"माझा भाचा विराट येलहंक्यात असतो. मंगळवारी गाडी घेऊन पुण्याला निघालाय, सासूला आणायला. जाताना मागची सीट रिकामीच. मी सांगते त्याला. आता खाली या जेवायला, पुळियोगरे केलंय. आणि खुर्च्या उचलून ठेवा, ओढू नका."

जेवून वर आल्यावर सिद्धीने स्मिताच्या अंथरुणापाशी बसत विचारलं, "बाबांना उतरायला त्रास व्हायचा ना?"

"खूप. पण हात धरू द्यायचे नाहीत. माझ्या मागच्या सीटवर बसायचे आणि उतरताना माझं उघडं दार धरायचे." स्मिताने चादर ओढून घेतली. "म्हणून ते दार मला बदलायचंच नव्हतं, खरं म्हणजे. पण ते उघडतच नाही आता."

सिद्धी तिच्या शेजारी आडवी झाली. शाल्मली पलीकडून म्हणाली, "मी पण येऊ का तिकडे, की मला शिक्षा आहे?" मग तीही आली, आणि एका डबलबेडवर तीन मोठ्या बायका झोपल्या. ते अ‍ॅडजस्ट करणं रिक्षातल्यापेक्षा बरंच अवघड होतं.

रविवारी सकाळी सिद्धीने यल्लाप्पाला फोन केला. यादीत रविवारसाठी ठरलेला सूर्योदय, ठरलेलं संगीत, ठरलेली सगळी सांस्कृतिक उन्नती तिने स्वतःहून रद्द केली आणि दार जिन्यावरून एकटीने खाली आणलं. कोणाला हात लावू दिला नाही. तिसऱ्या पायरीवर तिला त्याचा पश्चात्ताप झाला. पण आता माघार घेणं शक्य नव्हतं.

रोशनने त्यांना लांबूनच ओळखलं. तो हसला नाही, याचं श्रेय त्याला दिलं पाहिजे. शाल्मली पुढे झाली.

"भैया, सॉरी. हमको वो दूसरा..."

"वो ग्रीन?"

"हां. ग्रीन."

"कल बोल्या ना मैं," रोशन म्हणाला आणि पोपटी दार काढून दिलं. बदलून देताना त्याने तिच्याकडून काही जास्तीचं घेतलं नाही, पण दाराला सुतळी बांधताना "नक्को, मॅडम?" असं एकदा विचारून घेतलं. शाल्मलीने ते खाली मान घालून ऐकलं. तिच्या हाताखालच्या माणसांनी हे दृश्य पाहण्यासाठी रजा टाकली असती.

येलहंक्यापर्यंतचा रस्ता लांब. या वेळी स्मिता मध्ये बसली आणि दार तिच्या मांडीवर. यल्लाप्पाने रविवार असून काही कुरकुर केली नाही. उलट आपल्या बायकोला फोन लावून "ते दारवाल्या बाई हाइत न्हवं" असं सांगून झालं. खिडकीच्या रिकाम्या चौकटीतून डोकं काढून स्मिता कधी डावीकडे सिद्धीकडे, कधी उजवीकडे शाल्मलीकडे बघत होती.

"पांढऱ्या गाडीला पोपटी दार," सिद्धी म्हणाली. "रंगवून घेशील ना?"

"नाही. असू दे तसंच."

"लोक हसतील."

"आधी हसत होतेच. आता लांबूनही दिसेल."

विराटचं घर हवाई दलाच्या तळापासून जवळ होतं. आकाशातून विमान गेलं की बोलणं मध्येच थांबवायचं, आणि ते गेलं की तोडलेल्या शब्दापासून पुढे सुरू करायचं, अशी त्या घराची रीत होती. विराटने दार मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळून ठेवलं. त्याच्या बायकोने जेवायला बसवलं. नको म्हणण्याची सोय नव्हती, अक्कांचा फोन आधीच आलेला. यल्लाप्पालाही पान वाढलं, आणि त्याने विराटशी कन्नडमध्ये, स्मिताशी मराठीत आणि वरणाशी बिनबोलता मनसोक्त संवाद साधला.

विमानतळ तिथून जवळच. दोघी जायला निघाल्या तेव्हा शाल्मलीने सिद्धीला मिठी मारली आणि "नेक्स्ट टाइम प्रॉपर प्लॅनिंग" असं म्हणाली. चूक ज्या तोंडाने केली त्याच तोंडाने म्हणाली. स्मिताने सिद्धीचा हात हातात घेतला, जरा दाबला आणि टॅक्सीत बसली. टॅक्सीची सीट खोल होती. तिला सवय नव्हती, ती आत जवळजवळ पडलीच.

सिद्धी यल्लाप्पाच्या रिक्षात एकटी परत आली. अक्का फाटकापाशी फुलवालीकडून मोगरा घेत होत्या.

"गेल्या?"

"गेल्या."

"बरं झालं. आता दोन दिवस शांत." अक्कांनी मोगऱ्याचा एक गजरा तोडून तिच्या हातात दिला. "परत कधी येणार?"

"माहीत नाही, अक्का," सिद्धी म्हणाली आणि जिना चढायला लागली. अर्ध्यावर थांबून तिने फोन काढला, तिघींच्या ग्रुपवर 'पोहोचलात की कळवा' एवढंच लिहिलं, आणि मग थोडा वेळ विचार करून डिसेंबरच्या तारखा टाकल्या.